आम्हा दोघींचं वय

जळगावच्या दवाखान्यात नर्सनं मला विचारलं, "पेशंट तुमच्या आई का?"

मी तिच्यावर खेकसले. "बहीण आहे ती माझी. जुळी. दहा मिनिटांनी मोठी." नर्सनं फाईलवरचं वय वाचलं, सत्तावन्न. माझ्याकडे पाहिलं. मग बाकावर भिंतीला डोकं टेकून बसलेल्या अक्काकडे पाहिलं. आपलं चुकलं असं काही तिच्या तोंडावर दिसलं नाही. उलट ती जरा मागे सरकली आणि पुढच्या पेशंटला हाक मारत आत गेली. तिच्या प्रश्नापेक्षा ते मागे सरकणं मला जास्त झोंबलं.

आम्ही मूळच्या शिंदखेडा तालुक्यातल्या, नरडाण्याजवळच्या गावच्या. लहानपणी आम्हाला ओळखणं आईलाही जड जायचं. एकीनं खोडी काढायची आणि मार दुसरीनं खायचा, असं कितीदा झालंय. शाळेत अक्काची कविता मी म्हणून यायचे आणि माझी गणितं ती सोडवून यायची. दहा मिनिटांनी मोठी म्हणून मी तिला चिडवायला अक्का म्हणू लागले, ते कायमचंच चिकटलं. पुढे अक्काला यावलला दिली. दाजी एसटीत कंडक्टर होते, गोरेपान, बोलघेवडे. मी लग्नच केलं नाही. धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, छोटासा फ्लॅट घेतला, सकाळी तासभर फिरले, रात्री दहाला आडवी झाले. लोक म्हणायचे, मजा आहे बाई तुमची. मी म्हणायचे, आहेच. उगाच खोटं कशाला बोला?

दाजी निवृत्त झाले आणि दोन-तीन वर्षांत त्यांना विसर पडू लागला. आधी किल्ल्या, मग रस्ते, मग माणसं. दारात आलेल्याला विचारायचे, "कुठं उतरणार?" गल्लीतले लोक हसायचे. अक्काला काही हसू येत नव्हतं. तिनं सहा वर्षं त्यांना एकटीनं सांभाळलं. मुलगा सुरतेला, रोज फोन करून सांगायचा, आई, एक बाई ठेव, पैसे मी देतो. तिचं उत्तर ठरलेलं. "मनाबिगर त्या घास घेतस नही." माझ्याशिवाय ते घास घेत नाहीत. हे सांगताना तिचा आवाज थकलेला नसायचा. त्यात एक तोरा असायचा.

आणि मला ती घरी येऊ देत नव्हती. दोन वर्षं. मी येते म्हटलं की ती म्हणायची, नवीन माणूस पाहिलं की ते बिथरतात, तू नको येऊ. शेजारच्या बाईला दाजींजवळ बसवून ती जळगावच्या बसस्टँडवर यायची आणि अर्ध्या तासात उलट पावली परत. मी नवीन माणूस? मला राग यायचा. पण दर खेपेला ती बसमधून उतरली की राग विरून जायचा, कारण दर खेपेला ती आधीपेक्षा लहान होऊन उतरायची. खांदे आत, मान पुढे. शेवटच्या खेपेला तर मी तिला ओळखलंच नाही. माझ्यासमोरून एक म्हातारी गेली आणि थोडं पुढे जाऊन वळून म्हणाली, "काय वं, आंधळी व्हई गई का?"

मग ती अंगणात चक्कर येऊन पडली. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, छातीची पट्टी काढली आणि तिला बाहेर बसवून माझ्याशी बोलले. "एखादा असा एकच आजार नाही. शरीर झिजलंय. महिनाभर तिथून बाहेर काढा. नाहीतर त्यांच्या आधी या जातील."

शरीर झिजलंय म्हणजे काय, हे मला कुणी शिकवायला नको होतं. मीच ते शिकवत होते. पेशीच्या आत जे धागे असतात, त्यांच्या टोकांना एक राखण असते. साडीला पिको करतो ना, काठ उसवू नये म्हणून, तशी. पेशी दुभंगली की दर वेळी ती राखण थोडी आखूड होते. फार आखूड झाली की पेशी दुभंगायची थांबते, म्हातारी होते. आणि माणूस वर्षानुवर्षं धास्तीत राहिला, झोपेत एक कान जागा ठेवून राहिला, तर ही झीज लवकर होते असं आता सांगतात. किती लवकर, ते नक्की कुणी सांगत नाही. मी हे फळ्यावर काढायचे, खडू झटकायचे आणि पोरांना म्हणायचे, टेन्शन घेऊ नका. पोरं हसायची, मीही हसायचे. त्या दिवशी यावलच्या बसमध्ये अक्का माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपली होती. तिच्या हातावरची कातडी मी दोन बोटांत हलकेच उचलून सोडली. ती लगेच खाली बसली नाही. मग मी तेच माझ्या हातावर करून पाहिलं. असलं काही करायला नको होतं मी.

मे महिन्याची सुट्टी लागत होती. तोड मीच काढली. तू धुळ्याला माझ्या घरी जा, मी यावलला तुझ्या घरी राहते. तुझी साडी नेसते, तुझं मंगळसूत्र घालते, तुझ्यासारखी बोलते. ज्यांना सख्ख्या आईनं ओळखलं नाही, त्यांना डोकं गेलेला माणूस काय ओळखणार? अक्का भिंतीला टेकून डोळे मिटून बसली. मला वाटलं थकलीय. शेवटी म्हणाली, "मी मरी गई तर त्यास्ले कोन देखी?" आणि उठून कपाटातून साड्या काढू लागली.

दाजी आतल्या खोलीत झोपले होते. आम्ही दोघी कपाटाच्या आरशासमोर उभ्या राहिलो. मी तिची निळी साडी, तिच्या हिरव्या बांगड्या, तिचं कुंकू असा सगळा साज चढवला होता. तिचं ब्लाउज मला दंडात घट्ट झालं, शिवण उसवून घालावं लागलं. लहानपणी आम्ही आरशासमोर उभ्या राहून कोण कोणती ते मुद्दाम विसरायचो. आता आरशात एक बाई होती आणि तिच्या शेजारी तीच बाई पंधरा वर्षांनंतर उभी होती. तेच कपाळ, तीच हनुवटी, डाव्या भुवईची तीच मोड. मी हात वर केला, तिनंही केला, सवयीनं. मी हात झटकन खाली घेतला. अक्का मात्र शांत होती. तिनं माझ्या कपाळावरचं कुंकू नीट केलं आणि पिशवी उचलून निघाली. जाताना दाजींच्या खोलीकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

चूक माझ्या तेव्हाच ध्यानात यायला हवी होती. मी अक्कासारखी दिसतच नव्हते. वेषांतर करायचं होतं तर पावडर नको, राख लावायला हवी होती.

दुपारी दाजी उठले. मी ताट घेऊन आत गेले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा उजळला. उजळला म्हणजे खरोखरच, जुन्या फोटोत होता तसा. "आलीस होय?" ते म्हणाले. "किती दिवस लावले माहेरी."

आणि ते जेवले. पोटभर, हट्ट न करता. संध्याकाळी अक्काचा फोन आला. "जेवनात का?" मी सांगितलं, जेवले. "कोना हातघाई?" मी म्हटलं, तुझ्याच हातानं. मग तिनं फोन ठेवला.

यावलचं ते घर गावाच्या कडेला आहे. मागची भिंत संपली की केळीची बाग. भर उन्हाळ्यात, चव्वेचाळीस डिग्रीत, तिथं खाली ओल आणि अंधार असतो. पानं एकमेकांना घासतात आणि सारखं वाटतं की कुणीतरी साडी आवरत येतंय. पहिले आठ दिवस मी दर वेळी वळून बघत होते. गल्लीतल्या बायका कुंपणावरून म्हणायच्या, "काय वहिनी, दवाखान्यातून दहा वर्षं कमी करून आणली की तुम्ही." एकीलाही कळलं नाही. त्यांना मी बरी झालेली अक्का वाटत होते. मी हो ला हो करायचे, आणि घरात येऊन दार लावून घ्यायचे.

दाजी माझ्याशी खूप बोलायचे. त्यातलं कितीतरी मला ठाऊकच नव्हतं. लग्नाच्या पहिल्या वर्षी अक्का म्हणे रविवारी त्यांच्या गाडीत बसायची. भुसावळला जायची आणि त्याच गाडीनं परत यायची, बस्स. कुठं जायचं नाही, काही घ्यायचं नाही, कंडक्टरच्या मागच्या सीटवर बसायचं आणि तिकीट फाडणारा नवरा बघायचा. "तू खिडकीकडे तोंड करून हसायचीस," ते म्हणाले. "मला वाटायचं माझ्या अंगात राजाचे कपडे आहेत." मी मान खाली घातली. सत्तावन्न वर्षांत माझ्याशी असं कुणी बोललं नव्हतं, आणि आता बोललं तेही माझ्याशी नाही.

दुसऱ्या आठवड्यात एकदा दुपारी वरण-भात भरवत होते. दाजींनी घास गिळला आणि हळूच विचारलं, "ती गेली का?"

"कोण?"

"ती म्हातारी. तू नव्हतीस तेव्हा असायची. दिवसभर मागं मागं. स्वयंपाकघरात रडायची." त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज आणखी खाली आणला. "तुझ्याच साड्या नेसायची. मी कुणाला बोललो नाही. मला तिची भीती वाटायची."

मी चमचा ताटात ठेवला. "मग तिच्या हातचं जेवत कसे होता तुम्ही?"

"नाही जेवलो तर रडायची," ते म्हणाले. "म्हणून जेवायचो."

केळीची पानं बाहेर घासत होती. ज्या एका गोष्टीवर ती बाई सहा वर्षं उभी होती, ती गोष्टच नव्हती. त्यांच्या मनातली बायको काही वर्षांपूर्वीच्या एका चेहऱ्यावर थांबली होती. आणि अक्का त्यांच्याच काळजीनं झिजत झिजत त्या चेहऱ्यापासून लांब गेली होती. जितकी ती त्यांच्यासाठी राबली, तितकी ती त्यांना परकी होत गेली. मला दाजींचा राग आला, मग माझा आला, मग कुणाचाच येईना.

त्यानंतर मला झोप येईनाशी झाली. दाजी कुशीवर वळले की मी उठून बसायचे. त्यांच्या खोलीत जाण्याआधी मी उंबऱ्यावर श्वास धरते, हे मला तिसऱ्या आठवड्यात कळलं. ही अक्काची सवय. मी ती कधी पाहिलेली नव्हती, पण तिचीच, याबद्दल मला शंका नव्हती. ते एकदा मागच्या दारानं केळीच्या बागेत गेले, तासभर सापडले नाहीत. सापडले तेव्हा एका झाडाला उतरायचं ठिकाण विचारत होते. त्या तासात माझ्या अंगात काय झालं ते मी सांगू शकत नाही, पण आतून काहीतरी खर्ची पडलं एवढं जाणवलं. पाचव्या आठवड्यात तिचं निळं ब्लाउज घातलं. उसवलेली शिवण मला परत घालावी लागली. दंडात सैल झालं होतं.

अक्का परत आली ती बरी दिसत होती. गालावर थोडं मांस, डोळ्यांखालचं काळं उतरलेलं. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. पोळ्या लाटता लाटता मी मनाशी ठरवलं, सांगून टाकायचं. डॉक्टरांनी बजावलं होतं की पुन्हा तेच सुरू झालं तर ही वर्षभरही काढणार नाही. ते तुला ओळखत नाहीत, एवढं कळलं तरच ती मदतीला एखादी बाई ठेवील आणि वाचेल. आणि हेही ठाऊक होतं की हे ऐकून ती त्याच क्षणी मरेलही. मी आयुष्यभर तोंडावर बोलणारी बाई. पण तेव्हा तिच्याकडे बघायचा धीर होईना. शेवटी तव्याकडे बघत सगळं सांगितलं. म्हातारी, रडणं, भीती, घास. काही गाळलं नाही.

अक्का पोळीला तूप लावत होती. तिचा हात थांबला नाही.

"माले माहीत शे," ती म्हणाली. "दोन वरीस व्हई ग्यात."

ती सांगत गेली, जणू दुसऱ्या कुणाचं सांगतेय. एका सकाळी त्यांनी तिला विचारलं होतं, बाई, तुम्ही कुठल्या? तिला वाटलं, होईल नीट. मग एकदा कपाटातला जुना फोटो काढून ते तिला दाखवू लागले, ही माझी बायको, माहेरी गेलीय. तेव्हापासून तिनं मला येऊ दिलं नाही.

"तू उनी असती, त्यास्नी तुले देखं असतं," ती म्हणाली. "मंग मी कोन?"

तिनं गॅस बंद केला, हात पदराला पुसले आणि माझ्या समोर येऊन बसली. मला वाटलं आता रडेल. पण तिच्या डोळ्यांत रडू नव्हतं, भूक होती. अधाशी, लाज सोडलेली भूक.

"त्या काय बोलतस तुनासंगे?" तिनं विचारलं. "माले सांग. बठ्ठं सांग."

मी सगळं सांगितलं. गाडी, खिडकी, राजाचे कपडे. ती मध्येच थांबवून तेच पुन्हा सांगायला लावत होती, ते नेमके कसे म्हणाले, हसले का, आधी काय आणि मग काय. तोपर्यंत दाजींनी आतून हाक मारली. बायकोला. अक्का उठली, चार पावलं गेली आणि थांबली. मग माझ्याकडे वळून तिनं मानेनं खुणावलं, तू जा. मी गेले. ती दारामागे उभी राहिली, भिंतीला पाठ लावून, अंगावर पदर गच्च घेऊन. दाजी बोलत होते आणि मी हं हं करत होते, आणि दाराच्या फटीतून मला तिचा अर्धा चेहरा दिसत होता. तो चेहरा लाजला होता.

तेव्हापासून ते सुरू झालं. अक्कानं मुकाट्यानं एक बाई ठेवली. आठवडाभर ती बाई सगळं बघायची, आणि रविवारी मी पहाटेची गाडी धरून धुळ्याहून यायचे, निळी साडी नेसायचे, बांगड्या भरायचे आणि दाजींजवळ बसायचे. अक्का दारामागे. दोन तास. कधीकधी ती तिथूनच हातानं खुणा करून मला विचारायला लावायची, त्यांना अमुक आठवतं का विचार, तमुक आठवतं का विचार. ते विचारलं की दाजी तिच्या प्रश्नाचं उत्तर माझ्या तोंडाकडे बघून द्यायचे. कुणी पाहिलं असतं तर आम्हाला वेड लागलंय म्हणालं असतं. पण अक्काचा रक्तदाब उतरला. ती झोपू लागली. डॉक्टर म्हणाले, छान, काय केलंत? मी म्हटलं, बाई ठेवली.

माझं मात्र काय होत होतं ते मी कुणाला सांगितलं नाही. शनिवारी रात्री मी गजर तीन-तीनदा तपासायचे. सोमवारी अंगात उठायचं त्राण नसायचं. दीड वर्षात मी निवृत्त झाले, केस विरळ झाले, दोन दाढा गेल्या. पाच तास जायचे, पाच तास यायचे, म्हणून थकतेय असं मी म्हणत राहिले. पण दुसऱ्याची बायको व्हायचं, आणि ती स्वतः भिंतीआड उभी असताना व्हायचं, यात माणूस किती झिजतो, हे कुठल्या पुस्तकात मी तरी वाचलेलं नाही. दिवाळीत अक्का आणि मी आरशासमोर आलो. दोघींनी एकदमच नजर वळवली. आम्ही पुन्हा सारख्या दिसत होतो.

गेल्या रविवारी मी ताट घेऊन आत गेले. दाजींनी पाहिलं, आणि चेहरा उजळला नाही. बराच वेळ ते बघत राहिले. मग सरळ बसले, परक्या बाईसमोर बसतात तसे.

"तुम्ही त्या म्हाताऱ्या बाईच्या बहीण का?" त्यांनी विचारलं. "अगदी सारख्या दिसता."

दारामागे बांगड्या हलल्या. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच अक्का मी असताना आत आली आणि माझ्या शेजारी खाटेवर बसली.

"हो," ती म्हणाली. "बहीण शे मनी."

दाजींनी दोघींकडे पाहिलं. भ्यायले नाहीत. मान हलवून म्हणाले, "बरं झालं तुम्ही आलात. ती एकटीच रडायची बिचारी."

अक्कानं माझ्या हातातलं ताट घेतलं आणि घास पुढे केला. त्यांनी तो खाल्ला. मग विचारलं, "आमची मंडळी कुठं गेली, माहीत आहे का तुम्हाला? आज रविवार. यायला पाहिजे होती." अक्का म्हणाली, "येईल. तुम्ही जेवी ल्या." ते जेवत राहिले आणि मध्ये मध्ये दाराकडे बघत राहिले. आणि खरं सांगते, आम्ही दोघीही तिकडेच बघत होतो.